दोन मुलांसाठी सिनेमात गेल्या, पन्नास वर्षं गाजल्या : अभिनेत्री दुर्गा खोटे

अलिबाग : 'मुघल-ए-आझम' आपण टीव्हीवर, मोबाईलवर कितीदा तरी पाहिला असेल. त्यातली सलीमची आई जोधाबाई, नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात मधे सापडलेली, म्हणजे दुर्गाबाई खोटे. उतारवयात त्या आपल्या अलिबागला येऊन राहिल्या होत्या, हे आताच्या पोरांना फारसं माहीत नाही. २२ सप्टेंबर ही त्यांची पुण्यतिथी.

जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतला. माहेर लाड यांचं, वडील सॉलिसिटर. इंग्रजी शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. लग्नही खोट्यांच्या बड्या घरात झालं. पण पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली. पदरात बकुल आणि हरीन ही दोन लहान मुलं. पैसा आणायचा कुठून?

तेव्हा चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावणं म्हणजे घराण्याला बट्टा. नाटकात बायकांची कामंसुद्धा पुरुषच करायचे. तरी १९३१ साली 'फरेबी जाल' सिनेमात त्यांनी एक छोटं काम घेतलं. सिनेमा पडला आणि नातेवाईकांपासून सगळ्यांनी नावं ठेवली. दुसरी कोणी असती तर गप घरी बसली असती. पण मुलांची पोटं नावं ठेवणारे भरत नाहीत. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. कोल्हापुरात प्रभात कंपनीने काढलेला हा मराठीतला पहिला बोलपट. तेव्हा मागून दुसऱ्याच्या आवाजात गाणं भरायची सोय नव्हती, शूटिंग चालू असतानाच स्वतः गावं लागे. लोकांनी तारामती डोक्यावर घेतली. मग शिकलेल्या घरच्या इतर मुलींनाही सिनेमाचं दार थोडं उघडलं.

मला त्यांची सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी नट-नट्या कंपनीकडे महिन्याच्या पगारावर असत, आपल्याकडे सालगडी असतो तसे. दुर्गाबाईंनी स्वतःला एकाच कंपनीला बांधून घेतलं नाही. काम पटेल तिथे जायचं, मग कोल्हापूर असो की कलकत्ता. यात जोखीम किती असते ते आपल्याला सांगायला नको. कलकत्त्यात केलेला त्यांचा 'सीता' १९३४ साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. 'अमर ज्योती'त त्या समुद्रावरच्या चाचेगिरी करणाऱ्या बाई झाल्या, तर अत्र्यांच्या 'पायाची दासी'त खाष्ट सासू. १९३७ साली 'साथी' हा सिनेमा त्यांनी स्वतःच काढला.

नाटकातही मागे नव्हत्या. 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई जुन्या लोकांच्या लक्षात राहिली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ ला पद्मश्री, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. सिनेमे दोनशेच्या आसपास.

ज्या मुलांसाठी रंग लावला, त्यातला हरीन ऐन उमेदीत गेला. सून नाटकवाली, विजयाबाई. पुढे विजया मेहता म्हणून मोठं नाव झालेल्या त्या याच. या दुःखानंतरही दुर्गाबाई थांबल्या नाहीत. जाहिरातपट काढले, 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहिलं. दूरदर्शनवर घराघरात लागायची ती 'वागले की दुनिया' मालिका १९८८ साली त्यांच्याच कंपनीने काढली, तेव्हा बाईंचं वय होतं त्र्याऐंशी. तीन वर्षांनी, १९९१ साली त्या गेल्या.