पॉल ब्रोका : मेंदूत बोलण्याची जागा शोधणारा डॉक्टर

व्हॉइस असिस्टंटमध्ये आपलं बोलणं ओळखणारा भाग सहसा वेगळा आणि उत्तर बोलून दाखवणारा वेगळा असतो. मेंदूतही बोलण्याची अशी स्वतंत्र जागा आहे का, यावर १८६१ साली पॅरिसमध्ये कडाक्याचा वाद चालू होता. पुरावा मिळाला तो पॉल ब्रोका यांना.

ब्रोका यांचा जन्म १८२४ चा, फ्रान्समधल्या एका छोट्या गावातला. वडील डॉक्टर. पोरगा पॅरिसला जाऊन सर्जन झाला. एप्रिल १८६१ मध्ये बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लबोर्न नावाचा ५१ वर्षांचा पेशंट त्यांच्याकडे आला. पाय सडत चालला होता. हा माणूस २१ वर्षं तिथेच होता आणि काहीही विचारलं तरी तोंडातून एकच आवाज निघायचा, टॅन. सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे. पण समोरच्याचं बोलणं त्याला बऱ्यापैकी कळायचं. इथे किती वर्षं झाली असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. हिशोब बरोब्बर! अडत होतं ते फक्त बोलणं.

आठवड्याभरात तो वारला. ब्रोका यांनी मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. काही महिन्यांनी दुसऱ्या पेशंटमध्येही तीच जागा. आज तिला ब्रोका एरिया म्हणतात, आणि स्ट्रोकनंतर शब्द अडतात त्या आजाराला ब्रोका अफेजिया, म्हणजे वाचाघाताचा एक प्रकार.

याच ब्रोकांनी कवट्या मोजून बायका आणि युरोपाबाहेरचे लोक कमी बुद्धीचे ठरवले होते, तेही सांगायला हवं. ते साफ चुकीचं होतं.

१८८० मध्ये, ५६ व्या वर्षी ते गेले. टॅनचा मेंदू मात्र त्यांनी न कापता जपून ठेवला होता, हे फार बरं झालं. २००७ मध्ये त्याच्या एमआरआय स्कॅनचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा कळलं की इजा ब्रोकांना वाटली त्यापेक्षा बरीच खोल होती.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने एएलएसमुळे बोलणं अस्पष्ट झालेल्या एका बाईंच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून मिनिटाला ६२ शब्द स्क्रीनवर आणले. आणि कामाचे सिग्नल मिळाले ते ब्रोका एरियातून नाही, तर जवळच्याच, तोंडाच्या हालचाली चालवणाऱ्या भागातून.