पडीक जमिनीचा धनी

दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावाजवळ १८७९ साली एका निवृत्त शाळामास्तरांनी जमीन घेतली. दगडधोंड्यांची, काट्याकुट्यांची. गावकऱ्यांच्या लेखी ती फुकटही महाग. मास्तर मात्र हरखून गेले. जिथे पीक येत नाही तिथे गांधीलमाश्या, मधमाश्या सुखाने नांदतात, हे त्यांना ठाऊक होते. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर ज्यां आंरी फाब्र यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, ती अशी उघड्या आभाळाखाली.

१८२३ साली गरीब घरात जन्मलेल्या फाब्र यांनी शिष्यवृत्तीवर शिकून मास्तरकी पत्करली. तुटपुंजा पगार, वाढता संसार. पण सवड मिळाली की माळावर किड्यांचा माग काढायचा. एक जातीची गांधीलमाशी पिल्लांच्या बेगमीसाठी बिळात भुंगेरे साठवते आणि ते कुजत नाहीत. विषामुळे मेलेला किडा टिकत असावा, असे नामवंत अभ्यासक लेआँ द्यूफूर मानत. फाब्र यांनी १८५५ साली दाखवून दिले, की भुंगेरा मेलेलाच नसतो. गांधीलमाशी नेमकी मज्जाकेंद्रावर नांगी मारून त्याला लुळा करते. अळीला अन्न ताजे मिळते आणि ते पळूनही जात नाही!

विद्वानांत नाव झाले, घरातली ओढ काही संपली नाही. मंजिष्ठेपासून रंग काढण्याची सुधारलेली रीत त्यांनी शोधली. तोच १८६९ च्या सुमारास कृत्रिम रंग निघाला आणि ती आशाही मावळली. पुढे आव्हिन्याँच्या प्रौढवर्गात मुलींसमोर फुलांचे परागीकरण समजावले म्हणून सनातनी मंडळी खवळली. १८७० साली वर्गही गेले आणि राहते घरही. तेव्हा तिथेच राहणारे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल धावून आले. त्यांनी तीन हजार फ्रँक दिले. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला नवल वाटते ते याचे, की त्या कर्जाला तारण होते ते फक्त माणसाच्या सचोटीचे. फाब्र यांनी पाठ्यपुस्तके लिहून ते फेडले.

१८७७ साली सोळा वर्षांचा मुलगा झ्यूल गेला. किड्यांमागे हिंडताना हाच त्यांचा जोडीदार. बापाने काही गांधीलमाश्यांना त्याचे नाव दिले आणि पुन्हा कामाला लागले. दोन वर्षांनी कीटकांवरील ग्रंथमालेचा पहिला खंड आला. १९०७ पर्यंत दहा झाले.

त्यांतला एक प्रयोग विसरता येत नाही. पाइनच्या झाडावरचे सुरवंट पुढच्याने सोडलेल्या रेशमी धाग्यावरून एकामागून एक चालतात. फाब्र यांनी ही रांग मोठ्या कुंडीच्या काठावर वर्तुळात जुळवून दिली. सुरवंट सात दिवस गोल फिरत राहिले; भूक, थंडी सोसली, पण वाट मोडेनात. गांधीलमाशीची ती अचूक नांगी आणि सुरवंटांचे हे आंधळे चालणे, दोन्ही उपजत प्रेरणेचीच रूपे.

अशी अचूकता हळूहळू घडलेली असेल, हे मात्र फाब्र यांना कधीच पटले नाही. उत्क्रांतिवाद त्यांनी नाकारला. पुढच्या विज्ञानाने डार्विनचीच बाजू उचलून धरली. तरी दोघांत पत्रव्यवहार होता आणि फाब्र यांच्या निरीक्षणांचा डार्विनना मोठा आदर होता. निष्कर्षात मतभेद असले तरी डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरत नाही.

१९१५ साली त्याच घरी त्यांनी डोळे मिटले. आज तिथे संग्रहालय आहे. आपल्या अंगणातल्या कुंभारमाशीला चप्पल दाखवण्याआधी या मास्तरांची आठवण झाली, तरी पुष्कळ झाले.