आयुर्वेद कॉलेजचे मास्तर ते टेट्रासायक्लिन: कोण होते डॉ. सुब्बाराव?

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होण्याआधीच, 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. तेव्हा हाताशी असलेलं मुख्य औषध होतं टेट्रासायक्लिन. नांदेड, लातूरमध्ये हत्तीरोग मोहिमेत मिळणारी गोळी म्हणजे डीईसी. या दोन्हींच्या मुळाशी एकच नाव सापडतं: डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म 1895 मध्ये आंध्रातल्या भीमावरमचा. दोन भाऊ पचनाच्या 'स्प्रू' आजाराने गेले. मद्रासमध्ये डॉक्टरकी शिकताना त्यांनी खादी घातली, म्हणून इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी आली. मग मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आयुर्वेदिक औषधांचा अभ्यासही केला.

1922 मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूंच्या ऊर्जेवर मोलाचं संशोधन केलं, पण कायमची जागा मिळाली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार झालं. भावांचा जीव घेणाऱ्या स्प्रूवर ते उपयोगी ठरलं. डीईसीही तिथलंच.

त्यांच्याच विभागात बेंजामिन डगर यांनी मातीतल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळवलं. टेट्रासायक्लिन कुळातलं हे पहिलं औषध 1948 मध्ये जगासमोर आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नव्हतं.

पुढचं त्यांना पाहायला मिळालं नाही. ऑरिओमायसिनमुळे कोंबड्या लवकर वाढतात हे कळलं आणि ते पशुखाद्यात मिसळलं जाऊ लागलं. 1994 मध्ये प्लेग सुरतेत पोहोचल्याच्या बातमीने अनेकांनी आजार नसतानाही टेट्रासायक्लिन विकत घेतलं.

हे औषध जिवाणूंची प्रथिनं बनण्याची प्रक्रिया रोखतं. मात्र काही जिवाणू ते पंपासारखं बाहेर फेकतात. गरज नसताना घेतलेल्या डोसात साधे जिवाणू मरतात, हे चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. यालाच प्रतिजैविक-प्रतिरोध म्हणतात. म्हणूनच अँटिबायोटिकच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे.

आता जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी शास्त्रज्ञ पुन्हा माती आणि वनौषधी तपासत आहेत. सुब्बारावांनी या दोन्ही वाटा त्या काळात जवळून पाहिल्या होत्या.