वाट चुकलेला कवी : दान्ते

सामरवरणीची आपली मंडळी वापीहून आगगाडीने मुंबईस जात-येत असते. तेथे टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. इटलीचा कवी दान्ते याच्या महाकाव्याची शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखित प्रत तेथे जपून ठेवली आहे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

दान्ते १२६५ साली फ्लॉरेन्स शहरी जन्मला. नऊ वर्षांचा असता त्याने बेआत्रिचे नावाची मुलगी पाहिली आणि ती त्याच्या मनात कायमची राहिली. पुढे दोघांची लग्ने निरनिराळ्या घरी झाली. १२९० साली ती ऐन तारुण्यात वारली. (त्याच साली इकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. दान्तेनेही पुढे आपले महाकाव्य पंडितांची लॅटिन सोडून लोकांच्या बोलीतच रचले.) शोकात त्याने तत्त्वज्ञानाचा आधार घेतला, मग तो राजकारणात पडला. १३०० साली शहराच्या मुख्य कारभाऱ्यांत त्याची निवड झाली. पण विरुद्ध पक्ष वर येताच १३०२ साली त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप ठेवून त्याला हद्दपार केले. हाती लागल्यास जिवंत जाळावे, असाही हुकूम निघाला.

या वनवासात त्याने ते काव्य लिहिले. त्यात उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री अंधाऱ्या रानात वाट चुकलेला माणूस तो स्वतःच आहे. प्राचीन कवी व्हर्जिल त्याला नरकातून व शुद्धिस्थानातून नेतो. शुद्धिस्थानाची शिकवण आपण मानीत नाही. पण दान्ते लूथरच्या दोनशे वर्षे आधीचा, हे ध्यानी घ्यावे. शिवाय पोप आठवा बोनिफास याची जागा त्याने नरकात राखून ठेवली आहे! शेवटी बेआत्रिचे भेटते. इतक्या वर्षांच्या ताटातुटीनंतर ती गोड बोलेल असे आपल्याला वाटते. ती त्याची कानउघाडणी करते. माझ्यामागे तू कोठे भरकटलास, असे विचारते. तो मान खाली घालतो, रडतो आणि आपला अपराध कबूल करतो. मला वाटते, साऱ्या काव्याचा जीव येथे आहे.

१३१५ साली फ्लॉरेन्सने परत येण्याची सवलत देऊ केली. थोडा दंड भरावा आणि संत योहानाच्या मंदिरात सर्वांदेखत पश्चात्तापी म्हणून उभे राहावे, एवढेच. त्याच मंदिरात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. घराची ओढ तर काळीज जाळीत होती. तरी न केलेला गुन्हा पदरी घेण्यास त्याने नकार दिला. त्याच वर्षी त्याची मृत्यूची शिक्षा कायम झाली, आणि या वेळी मुलांनाही तीच.

१३२१ च्या सप्टेंबरात तो रावेन्ना येथे वारला. फ्लॉरेन्सने पुढे त्याच्या अस्थी अनेकदा मागितल्या. रावेन्नाने त्या दिल्या नाहीत. फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची मोठी कबर बांधलेली आहे, ती आजही रिकामीच आहे.