पालवणकर बाळू : गुणवत्ता आणि तिची नाकारलेली किंमत

मढ परिसरातील आमचे विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी बॅट-बॉल घेऊन मैदानात उतरतात, तेव्हा भारताच्या पहिल्या थोर फिरकी गोलंदाजाचे नाव त्यांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. ते नाव पालवणकर बाळू.

चर्मकार समाजात १८७६ साली धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम करून पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तेथे ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. हाती बॅट मात्र क्वचितच मिळे. त्या सरावातूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली.

गोऱ्यांना हरविण्यासाठी पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेलाच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता! पुढे ते मुंबईस गेले आणि रेल्वेच्या नोकरीत राहून हिंदू जिमखान्यातर्फे खेळले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. परतल्यावर मुंबईत झालेल्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचे चरित्रकार नोंदवितात.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

पुढचा भाग आम्हांस अवघड वाटतो, परंतु इतिहासाच्या शिक्षकाने तो वगळणे योग्य नव्हे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ज्यांनी त्यांना पेला नाकारला त्यांच्याच सद्भावनेवर त्यांनी विश्वास ठेवला. बाबासाहेबांनी हक्कांवर ठेवला. आमची निष्ठा कोठे आहे, हे वाचकांस सांगणे नलगे. म्हणून बाळूंचे नाव पुसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते खेळले त्या काळी अस्पृश्याने गुणवत्ता सिद्ध करणे हाच एक लढा होता, आणि तो त्यांनी जिंकला.

१९५५ च्या जुलै महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. आमच्या मुलांनी त्यांच्यापासून मेहनत शिकावी आणि बाबासाहेबांपासून त्या मेहनतीचे मोल मागून घेणे शिकावे.