केळुसकर गुरुजी आणि चर्नी रोडच्या बागेतला विद्यार्थी

बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट देणारे गृहस्थ, एवढीच केळुसकर गुरुजींची ओळख आपल्या कार्यक्रमांत करून दिली जाते. एक वाक्य बोलून वक्ता पुढे जातो. पण त्या पुस्तकाच्या आधी आणि नंतर गुरुजींनी जे केले, ते आठवी ते दहावीची मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांनी तरी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचा जन्म १८६० सालचा. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचे केळूस. मुंबईत ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत आणि उरलेल्या वेळात लिहीत. तुकारामांचे आणि शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी लिहिले. गौतम बुद्धांचे चरित्र त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केले.

शाळा सुटल्यावर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे रोज आणखी एक जण पुस्तक घेऊन बसलेला दिसे. तो होता एल्फिन्स्टन हायस्कूलचा भीमराव. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते, तिथे निवांत वाचायला जागा कुठली? गुरुजींनी आपणहून त्याची विचारपूस केली. मुलगा ना त्यांच्या शाळेतला, ना त्यांच्या जातीचा. तरी त्यांनी त्याला जवळ केले, अभ्यास कसा करावा हे सांगितले, वाचायला पुस्तके दिली. घरी वडील रामजी सुभेदार होतेच. मुलाला पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिनाही गहाण पडे.

पुढे भीमरावाच्या सत्कारात गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. चरित्रकार हा सत्कार १९०७ साली मॅट्रिक झाल्यावरचा सांगतात. बाबासाहेबांनी मात्र स्वतः इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा प्रसंग म्हणून तो लिहून ठेवला आहे. काहीही असो, पुस्तक शाळकरी वयाच्या हातात पडले. आपल्या गुणगौरव सोहळ्यांत ट्रॉफी आणि दप्तरे वाटली जातात. मुलाला पेलेल असे एखादे पुस्तक, तेही देणाऱ्याने आधी वाचलेले, क्वचितच दिसते.

ते पुस्तक कपाटात गेले नाही. भीमरावाने ते वाचून काढले आणि वडिलांनाच प्रश्न केला: शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना करणारी रामायण-महाभारतातली कथानके आम्हाला वाचायला लावता, मग बौद्ध साहित्य का दिले नाही? सुभेदारांना तो प्रश्न रुचला नाही. वाचणारे मूल घरात असले की असे प्रश्न येणारच, त्याला घाबरून पुस्तके आवरून ठेवायची नसतात.

गुरुजी सत्कारानंतर मोकळे झाले नाहीत. इंटर झाल्यावर पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

केळुसकर गुरुजी १९३४ साली गेले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर २२ वर्षांनी झाली. त्याच १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना, दादा केळुसकरांच्या त्या भेटीपासून सुरुवात केली.