समजून घ्या : उभी गाडी थरथरते का? आणि फियाटमागचे वालचंद हिराचंद

महाल, नागपूर : बडकस चौकाच्या गर्दीत गाडी थांबली की इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं. जुन्या फियाटचा हा आजार गल्लीतला मिस्त्रीही बरा करायचा. ही गाडी ज्यांच्या कंपनीत बनायची, ते होते वालचंद हिराचंद.

कोण होते वालचंद?
जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घर जैन व्यापाऱ्यांचं, पण वालचंद रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. १९१९मध्ये त्यांनी भागीदारांसह सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिलला त्यांचं 'एसएस लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. हाच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९४०मध्ये त्यांनी बंगळुरूत विमान कारखाना सुरू केला, तोच आजचा एचएएल.

मोटारीसाठी काय केलं?
विश्वेश्वरय्यांच्या मोटार कारखान्याच्या योजनेत ते होते, पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. तरी १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात गाड्या जुळवणं सुरू झालं. पुढे फियाटशी करार झाला. सुटे भाग परदेशातून आणायचे की इथेच घडवायचे, हाच खरा प्रश्न होता. १९४९मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी निधन. रस्तोरस्ती धावणारी पद्मिनी त्यांना पाहता आली नाही.

मग इंजिन थरथरतं कशामुळे?
पेट्रोल इंजिनला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते. आयडलिंगला मिश्रण अगदी थोडं जातं, त्यामुळे बारीक बिघाडही लगेच जाणवतो. जुन्या गाडीत मिस्त्री असं तपासतो :
• एकेका प्लगची वायर काढून बघतो. इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर काम करत नाही.
• प्लग कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर ऑइल जळतंय.
• मग पॉइंटची फट, कार्ब्युरेटरचा आयडल जेट आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा.

नव्या गाडीत वायर ओढू नका, कॉइलला धोका असतो. आधी स्कॅनर लावून घ्या. अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर खिसा रिकामा होईल, थरथर तशीच राहील.

आणि बिघाड सापडला, तरी पार्ट जवळच्या दुकानात मिळायला हवा. तो देशातच बनावा, याचसाठी वालचंद झगडले.